चारात एक

चूक माझी होती, आणि ती मला त्याच दिवशी कळली होती. यातला दुसरा भाग जास्त वाईट आहे. पहिल्या चुकीसाठी घाई होती, थकवा होता, बसची वेळ झाली होती, अशी कारणं सांगता येतात. कळल्यानंतर दीड वर्ष गप्प बसलो, त्याला माझ्याजवळ एकही कारण नाही.

मी देवरीच्या एका कॉलेजात बी.एस्सी.च्या मुलांना संख्याशास्त्र शिकवतो. राहायला सौंदडला आहे. रोज हायवेच्या बसनं जातो आणि येतो. पहिल्या वर्षाला द्विपद वितरण असतं. पुस्तकात त्याची उदाहरणं नाण्यांची, फाशांची आणि बल्बच्या कारखान्याची. आमच्या पोरांनी बल्बचा कारखाना पाहिलेला नाही. म्हणून मी उदाहरणं इथलीच करतो. पेरणीआधी प्रत्येकाच्या घरी ओल्या पोत्यात धानाचे शंभर दाणे गुंडाळून ठेवतात आणि चार-पाच दिवसांनी किती उगवले ते मोजतात. त्या पोत्यातून गणित काढलं की मागच्या बाकावरची पोरंही वही उघडतात. या सवयीचा मला अभिमान होता.

त्या वर्षी दिवाळीच्या आधी कॉलेजात सिकलसेलचं तपासणी शिबिर झालं. आमच्या भागात हा आजार समजावून सांगावा लागत नाही, पण बाहेरच्या वाचकासाठी सांगतो. रक्ताचा आजार आहे, आईवडिलांकडून येतो. ज्याला आजार आहे त्याला लाल कार्ड मिळतं. ज्याला स्वतःला त्रास नाही पण जो मुलाबाळांना तो देऊ शकतो, त्या वाहकाला पिवळं. ज्याच्या रक्तात काहीच नाही त्याला पांढरं. नवरा-बायको दोघंही पिवळे असले, तर त्यांचं प्रत्येक मूल लाल निघण्याची शक्यता चारात एक.

चारात एक. गणिताच्या मास्तरला यापेक्षा सोयीचा आकडा मिळत नाही. शिबिरानंतर दोनच दिवसांनी मी फळ्यावर लिहिलं: आईवडील दोघंही वाहक आहेत, मुलं चार आहेत, नेमक्या एका मुलाला आजार असण्याची संभाव्यता काढा. मग नेहमीच्या पायऱ्या. प्रयत्न चार. यशाची संभाव्यता एक चतुर्थांश. द्विपद वितरणात ज्याची मोजणी करायची त्याला यश म्हणतात, मग ते लेकराचं आजारपण का असेना. मी मोठ्या आवाजात म्हणालो, "यश म्हणजे इथे लाल कार्ड," आणि पुढे गेलो. उत्तर आलं सत्तावीस भागिले चौसष्ट. त्यानंतर मध्य काढला. चार गुणिले एक चतुर्थांश, बरोबर एक. "म्हणजे चारात सरासरी एक," असं म्हणून खाली दोन रेघा मारल्या.

वर्ग एकदम शांत होता. मला वाटलं, उदाहरण पोचलं. त्या वर्गात कोणाच्या दप्तरात कोणत्या रंगाचं कार्ड होतं, हा विचार माझ्या मनात आला नाही.

तास संपल्यावर व्हरांड्यात एक विद्यार्थिनी माझ्यामागून चालत आली. खिडकीजवळ बसणारी, गणित माझ्याआधी सोडवून गप्प बसणारी मुलगी. तिची मोठी बहीण देवरीच्या पलीकडे, जंगलाला लागून असलेल्या एका गावात दिली होती. बहिणीला ती बाई म्हणायची.

"सर, माह्या बाईच्या घरी दोघंही पिवळे आहेत," ती म्हणाली. "पयली पोरगी लाल निघाली. मंजे चारातला तो एक होऊन गेला ना? आता पुढचे सुटले ना, सर?"

माझ्या काखेत उत्तरपत्रिकांचा गठ्ठा होता. गेटसमोर बस उभी होती, कंडक्टर दारात उभा राहून बिडी पीत होता. मी चालता चालताच म्हणालो, "हो हो, सरासरी तसंच येतं."

बस जंगलाच्या पट्ट्यात शिरली तेव्हा मी काय बोललो ते माझ्या कानात परत आलं. दोन्ही बाजूंना साग, त्यावर तिरपं ऊन, आणि मी खिडकीशी बसून गठ्ठ्याची सुतळी बोटाला गुंडाळत होतो. द्विपद वितरणाच्या अटी मी दरवर्षी मुलांकडून लिहून घेतो. त्यातली एक अशी, की प्रत्येक प्रयत्न दुसऱ्यापासून स्वतंत्र असला पाहिजे. आधी काय झालं ते पुढच्या प्रयत्नाला माहीत नसतं. पहिलं मूल लाल निघालं म्हणून दुसऱ्याची शक्यता तसूभरही कमी होत नाही. ती तेवढीच राहते, चारात एक. सरासरी हजारो घरांची असते, एका घराला ती काही देणं लागत नाही. हे मी बसमध्ये बसून मनात अगदी मुद्देसूद मांडलं, पाच गुणांच्या उत्तरासारखं. सोमवारी तिला सांगू, असं ठरवलं.

सोमवारी ती आली नाही. धान कापणी सुरू झाली होती आणि त्या दिवसांत आमचा अर्धा वर्ग शेतात असतो. मग दिवाळीच्या सुट्ट्या. मग परीक्षा. ती परत आली तेव्हा दीड महिना होऊन गेला होता, आणि आता मुद्दाम बोलावून सांगायचं म्हणजे आपण चुकलो हे कबूल करणं आलं. पोरगी हुशार आहे, तिनं स्वतः ओळखलं असेल, अशी मी माझी समजूत घातली. ज्या मुलीला मी स्वतःच्या तोंडानं उत्तर दिलं होतं, ती ते का तपासून पाहील?

जानेवारीत तिनं मला स्टाफरूमच्या दारात गाठलं. चेहरा फुललेला. बाईला दिवस गेले होते, दोन महिने झाले होते. गावातली आशाताई नागपूरला जाऊन तपासणी करून घ्या म्हणून मागे लागली होती. पोटातल्या बाळाला आजार आहे का, ते तिसऱ्या महिन्यात तिथे कळतं. जवाई, म्हणजे बाईचा नवरा, एकदा तयारही झाला होता, पण बाई नाही म्हणाली.

"काऊन?" मी विचारलं.

"कायले जायचं, सर? मी तिले तुमचं गणित समजावून सांगतलं. आशाताईलेही सांगतलं. आशाताईच मने, सर शिकले-सवरलेले आहेत, त्यायलेच जास्त समजत असन."

त्या वेळी अजून वेळ होता. पुरे चार-पाच आठवडे होते. मला फक्त एक वाक्य बोलायचं होतं. आणि मी बोललो काय? "तरी तपासणी करून घेतलेली बरी." असं म्हणालो आणि टेबलावरचे कागद सारखे करू लागलो. का बरी, ते सांगितलं नाही. तिला वाटलं, सर म्हाताऱ्या माणसांसारखं काळजीपोटी बोलत आहेत. ती हसली. "तुमीच तर सांगतलं, सर," असं म्हणून निघून गेली. गावोगाव पायी फिरून खरं सांगणाऱ्या आशाताईचं बोलणं माझ्या नावानं खोटं पाडलं गेलं होतं, आणि मी हातात स्टेपलर घेऊन उभा होतो.

त्याच महिन्यात मी तिच्या बहिणीला पहिल्यांदा पाहिलं. देवरीच्या बसस्टँडवर माझी विद्यार्थिनी तिच्याजवळ उभी होती, तिनं ओळख करून दिली. बहिणीच्या कडेवर चार वर्षांची मुलगी होती. सकाळचं धुकं अजून उतरलं नव्हतं. मुलीला दोन स्वेटर घातले होते, त्यावर शाल, आणि तरी तिनं हात आईच्या मानेत खुपसून ठेवले होते. थंडी वाढली की हिचे हातपाय ठणकतात, बहिणीनं सांगितलं, म्हणून सरकारी दवाखान्यात चाललो. तिनं मुलीचा एक हात बाहेर काढून मला दाखवला. बोटं सुजून एकमेकांना चिकटल्यासारखी झाली होती. मुलगी रडत नव्हती. रडण्याचा कंटाळा आल्यासारखी माझ्याकडे पाहत होती. बहिणीच्या दुसऱ्या हातातल्या प्लास्टिकच्या पिशवीत लाल कार्ड होतं.

"तुमच्या बोलण्यानं मोठा धीर आला, सर," बहीण म्हणाली.

मी हात जोडले आणि कुठलीतरी बस पकडायची असल्यासारखा चालू लागलो. बस लागलेली नव्हती. मी रिकाम्या फलाटावर जाऊन उभा राहिलो आणि मागे वळून पाहिलं नाही.

त्यानंतरचे महिने मी मोजण्यात घालवले. तिसरा संपला, तेव्हा तपासणीची वेळ गेली. पाचवा, सातवा. वर्गात नवीन प्रकरणं शिकवत होतो, पण फळ्यावर कुठेही एक चतुर्थांश आलं की खडू थांबायचा. लोक म्हणतील, चारात तीन शक्यता चांगल्याच होत्या की. मीही स्वतःला तेच सांगायचो. पण ज्यानं आयुष्यभर हेच शिकवलं त्याला चारात एक म्हणजे किती असतं ते पक्कं माहीत असतं. रोज सकाळी बसमध्ये मी नजर टाकायचो. पहिल्या चार सीटांवर माणसं बसलेली असायची. त्यातल्या एकाला मनात लाल धरायचो. किती सहज धरता यायचं.

ऑगस्टमध्ये बाळ झालं. मुलगा. धानाची रोवणी आटोपली होती, शेतातल्या बांध्या हिरव्यागार झाल्या होत्या. विद्यार्थिनीनं बातमी दिली, बाळ गुटगुटीत आहे म्हणाली. मला ठाऊक होतं की गुटगुटीत असण्याला अर्थ नाही. हा आजार पहिले काही महिने दिसत नाही. सहा महिने झाल्यावर रक्त तपासतात, तेव्हा पक्कं कळतं. म्हणजे अजून सहा महिने, आणि मधे हिवाळा. त्या वर्षी थंडी लवकर पडली. पहाटे अंगणात आलो आणि श्वासाची वाफ दिसली, की मला ते न पाहिलेलं बाळ आणि त्याची बोटं दिसायची. बायकोनं दोन-तीनदा विचारलं, तुम्हाला झालंय तरी काय. पित्त म्हणालो.

फेब्रुवारीच्या शेवटी विद्यार्थिनी पेढ्यांचा डबा घेऊन स्टाफरूममध्ये आली. बाळाला पिवळं कार्ड मिळालं होतं. वाहक, पण आजार नाही. "सर, तुमचं गणित बरोबर निघालं," ती सगळ्यांसमोर म्हणाली. रसायनशास्त्राचे सर म्हणाले, "वा, आता आमचंही भविष्य सांगा." सगळे हसले. मीही हसलो.

आनंद झाला नाही असं म्हणालो तर खोटं होईल. मी बाथरूममध्ये जाऊन भिंतीला टेकून उभा राहिलो. पण त्या आनंदात एक हलकटपणा होता, तो मी लपवणार नाही. बाळ वाचलं यापेक्षा मी वाचलो हे मला आधी जाणवलं. आता कोणाला काही सांगायची गरज उरली नाही, असं मला वाटलं. परीक्षेत एखाद्यानं चुकीच्या रीतीनं बरोबर उत्तर काढलं, तर मी त्याचे सगळे गुण कापतो. तसे शेकड्यांनी पेपर मी तपासले आहेत. स्वतःला मात्र मी पूर्ण गुण देऊन टाकले.

तीन आठवडे मी निवांत झोपलो.

मग एके दुपारी शिपाई सांगत आला की बाहेर कोणीतरी भेटायला आलं आहे. कडुलिंबाखाली एक जोडपं उभं होतं. नवरा तिशीचा, हातात पिशवी. बायको गरोदर, तिसरा महिना असावा. ते माझ्या विद्यार्थिनीच्या बहिणीच्याच गावचे होते. मी खुर्च्या मागवल्या, पण नवरा बसला नाही. त्यानं पिशवीतून दोन कार्डं काढून माझ्या हातात दिली. दोन्ही लाल.

"आमचे दोन झाले, सर," तो म्हणाला. "चारात एक, मंजे आठात दोन. आता पुढचे सहा सुटले ना जी?"

तो थट्टा करत नव्हता. हिशेब अगदी नीट केला होता. माझ्या नियमावर तो आणखी एक पायरी पुढे गेला होता, आणि माझा नियम खरा असता तर त्याचं उत्तर बरोबरच होतं. त्यांनाही आशाताईनं नागपूरला जायला सांगितलं होतं. तिथे जायच्या आधी सरांना विचारून घेऊ, म्हणून ते माझ्याकडे आले होते. माझं बोलणं त्या गावात किती घरांत गेलं असेल, आणि त्यातली किती घरं मला विचारायलाही येणार नाहीत, हे मला त्या कडुलिंबाखाली दिसलं. दीड वर्ष मी एका बाळाची वाट पाहत होतो, आणि माझं खोटं मात्र तिथे थांबलं नव्हतं.

मी त्यांना सांगितलं. नाही, सुटले नाहीत. या बाळालाही चारात एकच. उद्याच्या उद्या नागपूरला जा, आशाताई म्हणते ते बरोबर आहे. नवरा माझ्याकडे पाहत राहिला. मी दोन-तीन प्रकारे समजावलं. बायको खुर्चीतून उठली, कार्डं माझ्या हातातून घेतली आणि म्हणाली, "मंग त्या बाईले काऊन सांगतलं?"

एवढंच म्हणालो की मी चुकीचं सांगितलं होतं. तिनं पदर सावरला आणि नवऱ्याला म्हणाली, "चला, बस जाईन." ते नागपूरला गेले, एवढं मला नंतर आशाताईकडून समजलं. पुढचं मी विचारलं नाही. तो माझा अधिकार नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी विद्यार्थिनीला बोलावलं आणि म्हणालो, मला बाईच्या घरी घेऊन चल. काय झालं ते तिला रस्त्यातच सांगितलं. ती एसटीच्या खिडकीतून बाहेर पाहत राहिली. मोहाची फुलं पडायचे दिवस होते, बायका टोपल्या घेऊन झाडाखाली वाकल्या होत्या. मग ती म्हणाली, "सर, मले तर अटी पाठ होत्या. मी काऊन नाही पाहिलं?" ते ओझं मी तिच्यावर टाकलं होतं. तिला म्हणालो, तू नाही, मी. तिला ते पटलं असं वाटलं नाही.

घर मातीचं, ओसरी शेणानं सारवलेली. जवाई घरीच होता. मोठी मुलगी ओसरीच्या कोपऱ्यात उन्हात बसली होती, बाळ बहिणीच्या मांडीवर. चहा आला. मी म्हणालो, चहा नंतर घेतो, आधी एक दाखवायचं आहे. विद्यार्थिनीकडून वहीचा कागद घेतला, चार चिठ्ठ्या केल्या, एकीवर लाल पेनानं फुली मारली आणि एका रिकाम्या डब्यात टाकल्या. बहिणीला म्हणालो, एक काढा. कोरी निघाली. ती चिठ्ठी मी घडी करून डब्यात टाकली, डबा हलवला, पुन्हा काढा म्हणालो. पुन्हा कोरी. पुन्हा टाकली. पाचव्यांदा लाल निघाली. तीही मी तशीच घडी करून परत टाकली आणि डबा पुढे केला.

बहिणीचा हात डब्यावर थांबला. ती डब्यात पाहत होती.

"मंजे लाल चिठ्ठी बाहेर नाही राहत," ती हळू म्हणाली. "पुन्हा डब्यात जाते."

"हो. दर वेळी जाते."

"मंजे याच्या वेळीही आत होती."

"होती."

तिनं बाळाकडे पाहिलं. बाळानं तिच्या मंगळसूत्राची वाटी मुठीत धरली होती. तिनं ती मूठ उघडून एकेक बोट निरखून पाहिलं, सुजलेलं आहे का ते पाहावं तसं. जवाई उठला, ओसरीच्या खांबाला हात लावून बाहेर पाहत उभा राहिला. "आमी घाबरलो असतो," तो पाठमोराच म्हणाला. "पण मालूम तर असतं. काय करायचं ते आमी ठरवलं असतं."

चहावर साय धरली होती. मग बहिणीनं मान वर केली आणि तो प्रश्न विचारला, ज्याला मी सौंदडपासून देवरीपर्यंत दीड वर्ष घाबरत आलो होतो.

"सर, तुमाले हे कवा समजलं?"

इथेही खोटं बोलता आलं असतं. काल समजलं, असं म्हणालो असतो तर त्या माणसांनी विश्वास ठेवला असता. मी डबा खाली ठेवला.

"त्याच दिवशी," मी म्हणालो. "बसमध्ये. तुम्हाला दिवस जायच्या आधी. तपासणीची वेळ होती तेव्हाही मला माहीत होतं. बसस्टँडवर तुम्ही धीर आला म्हणालात, तेव्हाही माहीत होतं. लाज वाटली म्हणून बोललो नाही. बाळ चांगलं निघालं ते माझ्या गणितामुळे नाही, ते तुमचं नशीब होतं. मी तुमचा ठरवायचा हक्क काढून घेतला. माझी चूक झाली, बाई. मला माफ करा."